कारवानीला उभं राहायला शिकवताना

पळणं कारवानीला कुणी शिकवावं लागत नाही. उभं राहणं शिकवावं लागतं. श्वान स्पर्धेत चांगली चांगली कुत्री अडतात ती याच ठिकाणी. उजनी धरणाच्या फुगवट्याकडेने, करमाळ्याकडच्या केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगावपासून खाली भीमानगर-टेंभुर्णीपर्यंत, एखाद्या वस्तीवर उंच, सडसडीत, पोट आत ओढलेलं कारवानी कुत्रं असणं काही नवं नाही. हल्ली तरुण मुलं ती हौसेने पाळतात, कृषी प्रदर्शनांबरोबर भरणाऱ्या स्पर्धांना टेम्पोत घालून नेतात, पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या शोची स्वप्नं बघतात. तयारी मात्र बहुतेकांची एकच: पहाटे मोटारसायकलमागे पळवणं. कुत्रं दमलं की गप होईल, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब बसत नाही. रोज पळवलेल्या कुत्र्याचा दम वाढतो. आधी तीन किलोमीटरला जीभ बाहेर काढणारं कुत्रं पुढे सहाला काढतं, आणि घरी आलं की गोठ्यात पुन्हा उड्या मारतं. शांत राहणं हे थकव्यातून येत नाही, ते वेगळं शिकवावं लागतं, आणि तेही कुत्रं ताजंतवानं असताना. वर्षाच्या आतल्या पिल्लाला तर गाडीमागे पळवूच नये. त्याच्या लांब पायांच्या हाडांची टोकं तेव्हा वाढीला लागलेली आणि कच्ची असतात. त्या वयात डांबरी रस्त्यावर बसलेला मार पुढे चालीत दिसतो, आणि परीक्षक तर चालच बघायला बसलेला असतो.

या कुत्र्याचा पिंड आधी समजून घ्या. वासापेक्षा नजरेने शिकार धरणारी ही दख्खनची जात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली, एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव दूरवर गेलं. आज केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला कारवान हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या आपल्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. तेव्हा ‘देशी कुत्रं शिकत नाही’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ते शिकतं, फक्त धाकाने शिकत नाही. जर्मन शेफर्डला दटावलं तर तो एखादवेळी दबून का होईना काम करतो. कारवानी मान फिरवून उभं राहतं आणि पुढचे दोन दिवस हाताला येत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ससा उठवून त्यावर कुत्रं सोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘पूर्वीपासून चालत आलंय’ म्हणून तो माफ होत नाही. शिवाय ज्याला सशाची चटक लागली त्याला रिंगणात दुसऱ्या कुत्र्याची नुसती शेपटी हलली तरी तुमचा विसर पडतो.

सुरुवात पट्ट्यापासून करा. कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, म्हणून बाजारात मिळणारा साधा गोल पट्टा मागे ओढ बसली की सरळ डोक्यावरून निघतो. रोजच्या वापराला रुंद, मऊ आणि ओढ बसल्यावर थोडाच आवळणारा, पण गळा न दाबणारा पट्टा घ्या. शोच्या कामाला बारीक, हलका दोरी-पट्टा वेगळा ठेवा. तो फक्त शोच्या सरावाच्या वेळीच गळ्यात घालायचा. गळ्यात कुठला पट्टा आहे यावरून आता काय करायचं हे कुत्र्याला कळायला लागतं, आणि याचा फायदा पुढे दिसेल. साखळी नको. दिवसभर गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलेलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेपावायला शिकतं. ती सवय मोडायला महिने जातात.

मग शब्द. गावात कुत्र्याशी बोलायचे शब्द सगळ्यांच्या तोंडी सारखेच: बोलवायचं तर ‘यू यू’, हुसकायचं तर ‘हाड’, अंगावर घालायचं तर ‘छू’. हे तिन्ही शब्द तुमचं कुत्रं दिवसभर कुणाकुणाच्या तोंडून ऐकत असतं, म्हणून शिकवणीला ते वापरू नका. ‘बस’, ‘पड’, ‘उभा’, ‘सोड’, ‘चल’ असे छोटे शब्द ठरवा, आणि बोलावण्यासाठी घरात एरवी कुणी उच्चारत नाही असा एखादा. घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचे. आजी ‘बैस’ म्हणते, धाकटा ‘सिट’ म्हणतो आणि तुम्ही ‘बस’. यात कुत्र्याची काही चूक नसते. याशिवाय एक शाबासकीचा शब्द हवा, ‘हां!’ असा तोडून म्हणायचा. कुत्र्याने हवं ते केलं त्याच क्षणी ‘हां!’, आणि लगेच तोंडात तुकडा. क्षण चुकला तर शाबासकी दुसऱ्याच गोष्टीला जाते. कुत्रं बसलं, तुम्ही खिसा चाचपला, तोवर ते उठलं आणि मग तुकडा मिळाला, तर ते उठायला शिकलं.

तुकडा हरभऱ्याएवढा पुरे. उकडलेली अंडी, कोंबडीची कलेजी, पनीर, किंवा काटे नीट काढलेली उकडलेली चिलापी. धरणाकाठी राहून माशाला तोटा नाही. खारवलेलं सुकट नको. आणि आपला जिल्हा द्राक्ष-बेदाण्याचा म्हणून मुद्दाम सांगतो, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. कौतुकाने एक मणीसुद्धा देऊ नका. कांदा आणि चॉकलेटही तसंच.

आता उभं राहणं. हा सराव जेवणाआधी, घराच्या अंगणात, एखाद्या पटकुरावर करा. कुत्रं आपोआप चारी पायांवर थांबलं की ‘हां!’ आणि तुकडा. तुकडा त्याच्या नाकाच्या रेषेत, किंचित पुढे धरायचा. वर धरला तर ते बसतं, खाली धरला तर पाठीला बाक येतो. तीन सेकंद स्थिर उभं राहायला लागलं की ‘उभा’ हा शब्द जोडा. मग पाच सेकंद, दहा सेकंद. दोन मिनिटांपर्यंत जायला कित्येक आठवडे लागले तरी लागू द्या. एका वेळी पाच मिनिटांच्या वर सराव नको. सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा करा आणि कुत्र्याला अजून हवंसं वाटत असताना थांबवा.

उभं राहायचं पक्कं झालं की पाय लावणं. पुढचे पाय आधी. कोपरापाशी धरून पाय उचलायचा आणि खांद्याच्या बरोबर खाली सरळ टेकवायचा. पंजा धरून ओढला तर प्रत्येक कुत्रं पाय मागे घेतं. मग मागचे पाय, घोट्याच्या सांध्यापाशी धरून, त्या सांध्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीला काटकोनात येईल असे. एका हाताने जबड्याखाली डोकं सांभाळायचं. कारवानीला पोटाखाली हात घालून उचलू-सावरू नये; त्याने ते पाठ वर काढतं आणि त्याची सगळी डौलदार रेषा बिघडते. एकेक पाय लावल्यावर ‘हां!’. चारी पाय पहिल्याच दिवशी लावायची घाई करू नका. भिंतीला मोठा आरसा टेकवून ठेवता आला तर उत्तम. बाजूने कुत्रं कसं दिसतं हे आपल्याला वाकलेल्या स्थितीत कळत नाही. नाहीतर कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा.

इथवर बहुतेक जण येतात. खरी कसोटी परक्या हाताची. कारवानी मुळातच परक्याचा स्पर्श पसंत न करणारं कुत्रं, आणि त्यात आपल्या गावची एक सवय भर घालते. रस्त्यात कुत्रं दिसलं की माणूस खाली वाकतो, दगड उचलल्यासारखं करतो, आणि कुत्रं पळतं. दगड खरोखर नसला तरी पळतं. पिल्लू महिन्या-दोन महिन्यांचं असल्यापासून हे बघत असतं. रिंगणात परीक्षक काय करतो? समोरून येतो, वाकतो, हात पुढे करतो. कुत्र्याच्या डोळ्यांना ही दगडाचीच खूण. ते मागे सरकतं किंवा गुरगुरतं, आणि लोक म्हणतात कुत्रं भित्रं निघालं, नाहीतर तापट निघालं. वाकणाऱ्या माणसाचा अर्थ त्याच्यासाठी बदलला पाहिजे, बस.

तो असा बदलायचा. पहिले काही दिवस माणूस पाच-सात पावलांवर नुसता वाकेल, जमिनीवर तुकडा ठेवेल आणि निघून जाईल. हात लावायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. कुत्रं शेपूट सैल सोडून त्या माणसाकडे जायला लागलं की पुढची पायरी: वाकणं, हाताचा वास घेऊ देणं, हनुवटीखालून एक स्पर्श, ‘हां!’, तुकडा. डोक्यावरून हात कधीच आणायचा नाही, निदान सुरुवातीला. मग मान, खांदे, छाती, पाठ, मांड्या, शेपूट. शेवटी ओठ वर करून दात. नराचे वृषणही परीक्षक तपासतो, त्याचीही सवय हवी. दातांसाठी तुम्हीच रोज एकदा दोन्ही बाजूंचे ओठ उचलून बघा, जबडा उघडायला लावू नका. आधी घरचे, मग ओळखीचे, मग अनोळखी. दूध घालायला येणारा, टोपीवाले आजोबा, चष्म्याच्या काकू, पदर वाऱ्यावर उडणाऱ्या मावशी, शाळेतली मोठी मुलं, काठी टेकत चालणारा मेंढपाळ. कुत्र्याने अंग ताठ केलं, जिभेने नाक चाटलं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवला की माणसाला एक पायरी मागे घ्या. गुरगुरलं तर मारू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागेल. याच कामाला सगळ्यात जास्त दिवस द्या. बाकीचं थोडं कच्चं राहिलं तरी चालेल.

चालीचं काम त्या मानाने आनंदाचं. रिंगणात कुत्रं तुमच्या डाव्या हाताला आणि सगळे फिरतात घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे कुत्रं परीक्षकाच्या बाजूला राहतं. चाल दुडकीची हवी: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम, मग दुसरी जोडी. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडायला लागले, म्हणजे उंटासारखी चाल आली, तर तुमचा वेग कमी पडतोय. एकदा थांबून पुन्हा थोडं जोरात निघा. चौखूर उधळलं तर तुम्ही जास्त जोरात आहात. तुमच्या कुत्र्याचा नेमका वेग कोणता हे सरावातच सापडतं. दोरी सैल हवी. ओढून धरलेल्या मानेने पुढचे पाय आखडतात. परीक्षक एकदा सरळ जाऊन परत यायला सांगतो, एकदा त्रिकोणात पळवायला. वळताना कुत्र्याच्या पायात तुम्ही येत नाही ना, हे आधी कुत्र्याशिवाय एकट्याने पळून बघा.

मैदानासाठी शाळेचं पटांगण सुट्टीच्या दिवशी उत्तम. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की मोकळी सपाट जमीन बरीच उघडी पडते आणि ती मोहात पाडते. पण गाळ वरून वाळलेला आणि खाली ओला असतो, भेगांत पाय अडकून मुरगळतो, आणि जिथे गाळपेर झाली आहे तिथे दुसऱ्याचं पीक असतं. आधी स्वतः चालून बघा. काठावर मच्छीमारांची जाळी वाळत किंवा पडलेली असतात, तिथे कुत्रं मोकळं सोडू नका. हिवाळ्यात रोहित पक्षी आणि पट्टकादंब उथळ पाण्यात उतरलेले असतात. लांबून उडून आलेल्या पक्ष्यांना उठवण्याचा खेळ कुत्र्याला कधीही लावू नका. आणि उन्हाळ्यातलं हिरवं झालेलं, साय धरलेलं धरणाचं पाणी त्याला पिऊ देऊ नका. त्यातल्या शेवाळाचं विष कुत्र्याला बाधू शकतं. घरचं पाणी बाटलीत न्या.

वेळेचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये सकाळचे आठ वाजले की सराव बंद. हाताची मागची बाजू रस्त्याला सहा-सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर कुत्र्याच्या गाद्यांनाही बसतो. अंधारात उसाच्या फडाकडेने मात्र जाऊ नका. करमाळा तालुक्याने डिसेंबर २०२० मध्ये नरभक्षक बिबट्याचे दिवस बघितले आहेत, आणि बिबट्याला कुत्रं सहज मिळणारं भक्ष्य वाटतं.

या जातीचा जोम वाया घालवायचा नाही, तो बक्षीस म्हणून वापरायचा. त्यासाठी चार-पाच फुटांची काठी घ्या, टोकाला तेवढीच दोरी, दोरीला जुन्या कापडाची चिंधी. चिंधी जमिनीवरून गोल फिरवली की कारवानीचे कान उभे राहतात, डोळे चमकतात. आता थांबवा. चिंधी जमिनीवर निपचित. ‘बस’. बसलं तरच चिंधी पुन्हा हलणार. मधेच झेपावलं तर चिंधी उचलून पाठीमागे. चार-सहा वेळात ते स्वतःहून बसून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. सगळा जीव धावण्यात असलेलं हे कुत्रं धावायला मिळावं म्हणून गप बसायला तयार होतं, हे बघण्यासारखं असतं. पुढे पकडलेली चिंधी ‘सोड’ म्हटल्यावर सोडली की लगेच पुन्हा खेळ. पाच मिनिटं पुरे, आणि पिल्लाला हवेत उड्या मारायला लावू नका.

बोलावल्यावर येणं शिकवायला तीसेक फुटांची हलकी दोरी लागते. दोन माणसं दोन टोकांना, आळीपाळीने ठरलेला शब्द म्हणायचा, आलं की मोठं बक्षीस. आल्यावर कधीही रागावायचं नाही, बांधायचंही नाही. तुकडा देऊन पुन्हा सोडायचं. दहातल्या नऊ वेळा येण्याचा शेवट मोकळीकीत झाला पाहिजे. शेळ्यांचा कळप दिसत असताना दोरी काढण्याचं धाडस वर्षभर तरी करू नका. नजरेने शिकार करणारं कुत्रं एकदा सुटलं की तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आज्ञापालनाच्या स्पर्धेतही उतरायचं असेल तर एक पेच येतो. तिथे पायाशी चालताना तुम्ही थांबलात की कुत्र्याने आपोआप बसायचं असतं. शोच्या रिंगणात थांबलात की बसायचं नाही, उभं राहायचं. आधी बसणं पक्कं केलेली कुत्री परीक्षकासमोर नेमकी ढुंगण टेकतात. म्हणून ‘उभा’ आधी शिकवा, ‘बस’ नंतर. मघाशी सांगितलेले दोन पट्टे इथे उपयोगी पडतात: बारीक दोरीत उभं राहणं, रुंद पट्ट्यात बसणं. दोन्ही सराव एकाच सत्रात करू नका. कारवानीच्या अंगावर मांस कमी, कडक जमिनीवर बसायला त्याला त्रास होतो. गोणपाट टाकून बसवा, म्हणजे ते टाळाटाळ करणार नाही.

कागदपत्रांचं काम सरावाबरोबरच सुरू करा. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोसाठी नोंदणी आणि मायक्रोचिप लागते. गावच्या स्पर्धांचे नियम त्या त्या आयोजकांकडे विचारून घ्या. पिल्लू विकत घेताना लक्षात ठेवा, २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तीन महिन्यांना रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तेव्हा बूस्टर, इतर लसी त्याआधीपासून. गोचीड रोज बघा, विशेषतः कानात आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापातून उठलेल्या कुत्र्याची तयारी पुन्हा शून्यापासून करावी लागते.

प्रवासाची सवय महिनाभर आधी लावा. पिंजऱ्यात जेवण द्यायला लागा, मग बंद पिंजऱ्यात पाच मिनिटं, मग पिंजऱ्यासह गाडीत गावाला एक फेरी. टेम्पोच्या हौद्यात मोकळं बांधून नेलेलं कुत्रं उतरतं तेव्हा अर्धं थकलेलं आणि पूर्ण बिथरलेलं असतं. रेल्वेने जायचं तर जेऊर किंवा कुर्डुवाडीला पार्सल कार्यालयात नियम आणि वेळ आधी विचारून घ्या.

स्पर्धेच्या दिवशी निदान दोन तास आधी पोहोचा. आदल्या रात्रीचं जेवण हलकं, सकाळी पोट जवळपास रिकामं. मैदानात गेल्या गेल्या रिंगणाजवळ जाऊ नका. लांब सावलीत त्याचं नेहमीचं पटकूर अंथरा आणि त्याला आवाज, माणसं, इतर कुत्री बघू द्या. ते पटकुरावर आडवं झालं की समजा तयार आहे. त्याआधी पुढे काढू नका, मग पुकारा जवळ आला तरी. रिंगणात तुमचे हात घाईने हलले तर त्याचं अंग ताठ होतं, म्हणून श्वास सोडत, सावकाश पाय लावा. क्रमांक लागो न लागो, बाहेर आल्यावर परीक्षक मोकळे असतील तर नम्रपणे विचारा की कुठे कमी पडलं. ते कुत्र्याच्या ठेवणीबद्दल बोलतात की त्याच्या वागण्याबद्दल, हे नीट ऐका. ठेवण बदलता येत नाही, वागणं येतं. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती द्या, आणि तिसऱ्या दिवशी जिथे अडलं होतं त्याच्या एक पायरी आधीपासून सराव धरा.